जुन्या व्हॅनचा स्वयंचलित गिअरबॉक्स : त्याची निगा आणि तेलाची गळती

व्यापाऱ्याच्या घरची मोठी गाडी ही केवळ हौसेची वस्तू नसते. सकाळी मालाचे नमुने, दुपारी वसुलीची फेरी, लग्नसराईत पाहुण्यांची ने-आण आणि सुटीत सहकुटुंब श्रवणबेळगोळ किंवा कुंभोज-बाहुबलीची यात्रा, ही सारी कामे एकाच वाहनावर पडतात. आपल्या भागात या कामी इनोव्हा गाडीने जम बसविला. २००५ साली ती आली तेव्हा तिचे गिअर हातानेच बदलावे लागत. मे २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा निघाली आणि तिच्या काही प्रकारांत सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. २०२३ साली डिझेलची क्रिस्टा पुन्हा बाजारात आली ती मात्र केवळ हाताच्या गिअरची. त्यामुळे ज्यांच्याकडे स्वयंचलित क्रिस्टा आहे ते ती सहसा सोडावयास तयार नसतात, आणि त्यांतील पहिल्या गाड्यांनी आता नऊ वर्षांहून अधिक काळ रस्ता तुडविला आहे.

अशा गाडीखाली एके दिवशी लालसर तेलाचा डाग दिसतो आणि मालकाच्या मनात धास्ती उभी राहते. कारण गॅरेजमध्ये एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : "साहेब, गिअरबॉक्स गेला." या एका वाक्यापायी चांगल्या गाड्या मातीमोल भावाने विकल्या गेल्या आहेत, आणि उलट, एका रबरी सीलचे काम वर्षभर पुढे ढकलल्यामुळे खरोखरच गिअरबॉक्स निकामी झाल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. दोन्ही प्रकारचे नुकसान टाळणे मालकाच्या हाती आहे. त्यासाठी त्याने यंत्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. हे यंत्र कशाच्या जोरावर चालते एवढे नीट समजून घेतले तरी पुरे.

गिअरबॉक्स म्हणताच दातेरी चाके डोळ्यांपुढे येतात. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये चाके आहेतच, परंतु त्याचा खरा कारभार चालतो तो तेलावर. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर दुसरा नुसत्या झोताने फिरू लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा जो गोल डबा असतो त्यात हेच घडते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एका पंख्याला फिरविते, तेलाच्या लोटाने दुसरा फिरतो. गाडी थांबलेली असताना इंजिन बंद न पडता चालू राहते ते यामुळेच. पुढे गिअर बदलण्याचे कामही तेलच करते. इंजिनबरोबर फिरणारा एक पंप तेलावर दाब आणतो, आणि लहान लहान झडपांच्या पेटीतून तो दाब योग्य त्या क्लचच्या चकत्यांवर सोडला जातो. चकत्या दाबल्या गेल्या की एक गती लागते. त्या सुटून दुसऱ्या दाबल्या गेल्या की पुढची. कोणती झडप केव्हा उघडावी हे आजच्या गाडीत संगणक ठरवितो. पण संगणकाने हुकूम केला तरी दाब द्यावयास तेल हवेच.

याच तेलाने चाकांना वंगण द्यावयाचे, चकत्यांची उष्णता वाहून न्यावयाची आणि झिजेचा कचरा खालच्या चेंबरमध्ये आणून टाकावयाचा. शिवाय त्याच्याकडून एक विचित्र अपेक्षा असते. बेअरिंगमध्ये त्याने निसरडे राहावे, आणि चकत्यांमध्ये मात्र घसरू न देता पकड घेऊ द्यावी. हा तोल त्यात मिसळलेल्या विशिष्ट द्रव्यांनी साधलेला असतो आणि प्रत्येक कारखानदार आपल्या चकत्यांना अनुरूप असा तो ठरवितो. म्हणून "सर्व गाड्यांना चालणारे" तेल या नावाने जे डबे विकले जातात त्यांबद्दल आम्ही तरी सावधच राहू. क्रिस्टाच्या गिअरबॉक्सला टोयोटाचे डब्ल्यूएस जातीचे तेल सांगितलेले आहे, तेच घालावे. तेही ओळखीच्या व पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे. नकली मालाचे रंगरूप किती हुबेहूब असते हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

तेलाच्या जातीचे महत्त्व अमेरिकेतील मालकांना पुष्कळ किंमत मोजून कळले. तेथे ज्यास मिनिव्हॅन म्हणतात अशा कौटुंबिक गाड्यांची चाल क्रायस्लर कंपनीने १९८० नंतरच्या दशकात पाडली. १९८९ च्या सुमारास त्या गाड्यांना संगणकाने चालणारा चार गतींचा नवा गिअरबॉक्स बसविण्यात आला. त्यासाठी कंपनीचे स्वतःचे खास तेल होते; परंतु सर्रास मिळणारे डेक्सरॉन जातीचे तेल त्यात घातले जाऊ लागले. परिणामी गाडी ठरावीक वेगाला थरथरे, गिअर झटक्याने पडत, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी जाई. त्या गिअरबॉक्समध्ये यंत्राचेही काही दोष होते, हे खरे. पण नंतर योग्य जातीचे सुधारलेले तेल वापरल्यावर त्यांतील पुष्कळ गाड्या दीर्घकाळ चालल्या.

तेलाचा दुसरा शत्रू उष्णता. चोर्ला घाटातून भर मे महिन्यात सात-आठ माणसे आणि टपावर सामान घेऊन गाडी चढत असते, तेव्हा वेग कमी आणि जोर अधिक असतो. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमधले दोन पंखे एका गतीने फिरत नाहीत; तेल घुसळले जाते आणि तापते. हे तेल थंड करण्यासाठी ते नळ्यांवाटे गिअरबॉक्सबाहेर कूलरमध्ये आणले जाते. कूलर कचऱ्याने व चिखलाने बुजला असेल तर उष्णता जाणार कोठे? तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की ते करपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. करपलेले तेल दाट तपकिरी होते, त्यास जळका वास येतो, आणि ते रबरी सीलांना कडक करून टाकते. म्हणजे गळतीचे मूळही पुष्कळदा उष्णतेतच असते. २००४ साली होंडा कंपनीने अमेरिकेत सुमारे ११ लक्ष गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या. त्यांत तिची ओडिसी ही मिनिव्हॅनही होती. दुसऱ्या गतीचे चाक अतिउष्णतेने तुटण्याचा संभव होता. उपाय काय केला? ज्या गाड्यांत चाकाला अपाय झालेला नव्हता त्यांत त्या चाकावर तेलाची जादा धार सोडण्याची सोय केली. एवढ्या मोठ्या कारखान्याचा इलाजही शेवटी तेल नेमक्या जागी पोहोचविण्याचाच होता.

आता गळतीकडे वळू. येथे घाई करू नये. जमिनीवरचा डाग कशाचा आहे हे प्रथम ठरवावे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी. सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा यांवरून पुष्कळ उलगडा होतो. स्वच्छ पाणी असेल तर ते वातानुकूलन यंत्राचे. त्याची चिंता नको. काळे तेल बहुधा इंजिनचे. लाल किंवा तपकिरी, बोटांत चोळल्यास तुळतुळीत लागणारे व पाण्याने सहज न निघणारे तेल गिअरबॉक्सचे असू शकते. परंतु टोयोटाच्या रेडिएटरमधले कूलंटही गुलाबी असते. ते पाण्यासारखे पातळ असून धुतल्यास निघून जाते. तिसरा लाल द्रव पॉवर स्टिअरिंगचा. क्रिस्टाचे स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते आणि त्याचे तेल दिसावयास गिअरबॉक्सच्या तेलासारखेच असते. स्टिअरिंगची नळी पाझरत असताना गिअरबॉक्स उतरविण्याचा सल्ला मिळाल्याचे आम्ही ऐकले आहे. स्टिअरिंगच्या तेलाची टाकी इंजिनच्या बाजूला डोळ्यांपुढे असते. तिची पातळी पाहिली तर हा संशय दोन मिनिटांत फिटतो.

द्रव गिअरबॉक्सचाच ठरला, तरी जेथून थेंब पडतो तेथे गळती आहे असे मानू नये. तेल वरून खाली उतरते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे मागे पसरते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. त्यासाठी गिअरबॉक्स बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडा करावा, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी आणि मग रॅम्पवर चढवून पाहावी. संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरली तर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. धुण्याच्या या साध्या कामास कारागीर कंटाळतात, आणि ते न केल्यामुळेच सील बदलूनही गळती राहिल्याच्या तक्रारी येतात.

सोप्या जागा आधी पाहाव्यात. खालच्या चेंबरचे पॅकिंग ही पहिली. येथे पाझर दिसला की बोल्ट आवळण्याचा मोह होतो. परंतु चेंबरचा पत्रा पातळ असतो. जोराने आवळल्यास बोल्टभोवती तो खाली दबतो, दोन बोल्टांमध्ये वर उचलला जातो, पॅकिंग पिळून निघते आणि गळती वाढते. चेंबर उतरवून कडा सपाट पट्टीने तपासावी, दबली असेल तर हलकेच ठोकून सरळ करावी, दोन्ही बाजू कोरड्या करून नवे पॅकिंग बसवावे, आणि पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यावर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. कोठे पॅकिंग असते, तर कोठे त्याऐवजी सीलंट लावलेले असते. ज्याचे जे असेल ते ठेवावे. पॅकिंगवर वरून सीलंट फासणे हे अर्धवट कारागिराचे लक्षण होय. सुटलेला तुकडा आतल्या जाळीत जाऊन तेलाची वाट अडवितो. तेल सोडण्याच्या बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा घालावा. तो जुनाच ठेवल्याने ठिबकणाऱ्या गाड्या आम्हांस पुष्कळ दिसतात.

दुसरी जागा कूलरकडे जाणाऱ्या नळ्यांची. धातूच्या नळीस जेथे रबर जोडलेले असते तेथे उन्हाने व उष्णतेने रबराला भेगा जातात. येथे इंधनाची किंवा पाण्याची साधी नळी बसवू नये. तापलेले तेल सोसणारी, त्याच कामासाठीची नळी घ्यावी. कूलर रेडिएटरच्या आतच असलेल्या गाड्यांत आणखी एक धोका असतो : आतला पडदा फुटला तर कूलंट तेलात मिसळते. मग बाहेर थेंबही पडत नाही, पण तेल दुधाळ गुलाबी होते. असे तेल दिसताच गाडी चालविणे त्याच क्षणी थांबवावे. पाण्याने चकत्यांचा थर सुटतो आणि मग सील बदलून भागत नाही.

तिसरी जागा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची : गिअरबॉक्सच्या शेपटीला, जेथे प्रोपेलर शाफ्ट आत शिरतो तेथील सील. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या व्हॅनमध्ये हीच जागा दोन्ही बाजूंच्या अ‍ॅक्सलपाशी असते. जुने सील काढून नवे ठोकले की काम झाले, असे समजले जाते. पण शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. आतला बुश झिजला असेल तर शाफ्ट डोलतो, आणि नवे सीलही थोड्याच महिन्यांत पाझरू लागते. शाफ्टवर जेथे सीलची कड घासते तेथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तरीही तेच. सील बसविण्यापूर्वी त्याच्या कडेला तेल लावावे, आणि ते वाकडे न होता चारी बाजूंनी सारखे आत गेले पाहिजे.

गिअरबॉक्सच्या कुशीत गिअरच्या दांडीचे लहान सील आणि विजेच्या तारा आत जातात तेथील रबरी कडे असते. हीही स्वस्तातली कामे. महाग काम एकच : टॉर्क कन्व्हर्टरच्या मागचे, पंपाचे सील. त्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल पडते तेव्हा हा संशय येतो. परंतु इंजिनचे मागचे सीलही तेथेच गळते. तेल काळे की लाल, हे पाहिल्याशिवाय उतरविण्यास संमती देऊ नये.

या सर्वांआधी एक क्षुल्लक भाग तपासावा, तो म्हणजे गिअरबॉक्सची श्वासनळी. तापल्यावर आतली हवा फुगते आणि या नळीवाटे बाहेर जाते. चिखलाने नळी बुजली की आत दाब साठतो व धडधाकट सीलमधूनही तेल ढकलले जाते. उलट, तेल प्रमाणाबाहेर भरले असेल तर फेसाळून ते याच नळीवाटे बाहेर येते आणि गिअरबॉक्सभर पसरून भलत्याच सीलवर आळ आणते.

गळती बंद करणाऱ्या औषधाच्या बाटल्या बाजारात मिळतात. त्यांतील द्रव्य कडक झालेले रबर फुगवून मऊ करते. त्यामुळे पाझर काही काळ थांबूही शकतो. पण फाटलेले सील, दबलेले चेंबर किंवा झिजलेला बुश त्याने सुधारत नाही, आणि तेलाचा मूळ तोल बिघडतो तो निराळाच. विकावयाच्या गाडीत अशी बाटली ओतणारे पाहिले की आम्हांस भेसळीच्या व्यापाराची आठवण होते.

तेलाची पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते, आणि येथेच फार घोटाळे होतात. क्रायस्लरच्या जुन्या व्हॅनला मोजपट्टी असे. तेल तापलेले, इंजिन चालू आणि गाडी सपाटीवर असताना ती पाहावयाची. त्या काळच्या होंडाला मात्र इंजिन तापवून, बंद करून, लगेच पाहावयाची. क्रिस्टाला मोजपट्टी नाहीच. तिचे तेल ठरावीक तापमानाला आले असता, इंजिन चालू ठेवून खालचे पातळीचे बूच काढतात. धार बारीक होऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. थंड तेलात हे केले तर भरणा जास्त होतो, फार तापलेल्या तेलात केले तर कमी. म्हणून तापमान यंत्रावर मोजून पाहणाऱ्या कारागिराकडेच हे काम द्यावे, आणि ते आपल्यासमोर करवून घ्यावे. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, लीव्हर डी वर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग हलते, चढावर इंजिन गरजते पण वेग येत नाही. ही लक्षणे दिसूनही गाडी रेटली, तर घसरणाऱ्या चकत्या जळतात. सीलचे काम गिअरबॉक्सचे होते ते या टप्प्यावर.

"हे तेल जन्मभर बदलावे लागत नाही," असे पुष्कळांना सांगितलेले असते. सीलबंद याचा अर्थ वारंवार पाहावे लागत नाही, इतकाच घ्यावा. घाट, धूळ, उन्हाळा आणि भरलेली गाडी हे कारखानदारांच्याच भाषेत कठीण वापरात मोडते. अशा वापरात साठ हजार किलोमीटरच्या सुमारास तेल बदलावे, असे आमचे मत आहे. खालचे बूच काढल्याने सारे तेल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून जुन्या गाडीत यंत्राने जोरात धुऊन काढण्यापेक्षा हजार-दोन हजार किलोमीटरच्या अंतराने दोन-तीन वेळा निघेल तेवढे काढून तेवढेच भरणे आम्हांस बरे वाटते. निघालेले तेल मापून घ्यावे : भरलेल्यापेक्षा किती कमी निघाले, हा गळतीचा खरा हिशेब. चेंबरमध्ये लोहचुंबक असतात. त्यांवर करड्या लोण्यासारखा लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे तुकडे किंवा कातळ्या असतील तर आत मोडतोड चालू आहे. चकत्या आधीच घसरत असतील तर नव्या तेलाने त्या बऱ्या होत नाहीत. आणि मग "तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला" अशी तेलाची विनाकारण बदनामी होते. रंगावरूनही सरसकट निकाल देऊ नये. क्रायस्लरच्या नव्या जातीच्या तेलाचा लाल रंग वापरात लवकरच उतरतो, आणि तेल खराब झाल्याचे ते लक्षण नव्हे, असे कंपनीनेच स्पष्ट केले होते.

गिअर एकाच ठिकाणी अडकला, तर तो संगणकाने यंत्र वाचविण्यासाठी धरलेला सावध पवित्राही असू शकतो. एखादा सेन्सर, सैल झालेली तार किंवा मरगळलेली बॅटरीही त्यास कारण होते. संगणकातील दोषाचे आकडे वाचून ते कागदावर लिहून घेतल्याखेरीज गिअरबॉक्स उघडण्याची परवानगी देऊ नये.

चालविणाऱ्याने थोडे पथ्य पाळावे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढून मागे लीव्हर टाकू नये. उतारावर उभी करताना आधी हातब्रेक लावून, ब्रेकवरचा पाय हलका करून, मग पी वर न्यावे. अन्यथा साऱ्या गाडीचे वजन आतल्या एका लहानशा खुंटीवर पडते. चढावर रांगेत थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. आणि गाडी वाटेत बंद पडलीच, तर दोराने ओढत नेऊ नये. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाके फिरत राहतात आणि आतल्या भागांना वंगण मिळत नाही. क्रिस्टा न्यावयाची तर मागची चाके उचलून, अथवा सरळ ट्रकच्या सपाट पाटावर चढवून न्यावी. काढलेले जुने तेल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नये. ते बंद डब्यात भरून वापरलेले तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे गेले की नाही, हे गॅरेजमध्ये विचारून घ्यावे.